ताबा वेगळा, पालकत्व वेगळे: मराठवाड्यातील शाळा, तलाठी, निबंधक आणि बँकांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे मुख्याध्यापक, तलाठी व मंडळ अधिकारी, दुय्यम निबंधक आणि बँकांचे शाखाधिकारी

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि शाळेत जाणारी लेकरे आजी-आजोबांजवळ राहतात. नवरा वारलेली किंवा नवऱ्याने नांदवायचे सोडलेली बाई मुले घेऊन माहेरी येते. बाप गेल्यावर सातबाऱ्यावर आईच्या नावाखाली अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलांची नावे लागतात. या घरांतली माणसे कधी ना कधी तुमच्या टेबलासमोर उभी राहतात आणि बहुतेकांना एकच उत्तर मिळते: कोर्टातून पालकत्वाचा आदेश आणा.

आम्ही कौटुंबिक प्रकरणांत काम करणारे वकील आणि समुपदेशक आहोत. आमचे म्हणणे असे की जिथे कोर्टाचा आदेश लागत नाही तिथे तो मागितला जातो, आणि जिथे आदेशाशिवाय कागद पुढे सरकताच कामा नये तिथे कुणी हटकत नाही. नातवाचे नाव पहिलीत घालायला आलेल्या आजीला तालुक्याला पिटाळले जाते. पुढे त्याच नातवाच्या वाट्याचे दीड एकर चुलत्याच्या नावावर होते, तेव्हा मात्र दस्त बिनबोभाट नोंदला जातो. ताबा आणि पालकत्व एकच समजल्यामुळे हे घडते.

ताबा म्हणजे मुलाचा रोजचा सांभाळ. मूल कुणाजवळ राहते, त्याला कोण जेवू घालते, ताप आला तर दवाखान्यात कोण नेते, एवढाच त्याचा आवाका. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा कायद्याने दिलेला अधिकार आणि त्याबरोबर येणारी जबाबदारी. त्याचेही दोन भाग आहेत: एक मुलाच्या व्यक्तीचे पालकत्व, म्हणजे शिक्षण, उपचार, राहण्याचे ठिकाण, दुसरे त्याच्या मालमत्तेचे. पालक व पाल्य अधिनियम, १८९० हे दोन भाग वेगळे धरतो आणि एकाच मुलासाठी व्यक्तीचा पालक एक, मालमत्तेचा पालक दुसरा, असे नेमण्याची मुभाही कोर्टाला देतो. म्हणून मूल आजोळी, जमिनीचा कोर्टाने नेमलेला पालक तिसराच, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर, अशी परिस्थिती कायद्यात अगदी नेहमीची आहे.

घटस्फोटात आईला ताबा मिळाला म्हणून बापाचे पालकत्व संपत नाही. उलट बाजूने, पालक आहे म्हणून मूल आपोआप त्याच्याच हवाली होते असेही नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चे कलम १३ सांगते की मुलाचे हित सगळ्यांत वर. आई वारल्यावर मूल आजोळी असलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये (नीलरतन कुंडू) बापाला ताबा नाकारला, आणि २०१९ मध्ये (तेजस्विनी गौड) मावशी-मामांकडचे मूल बापाकडे दिले. दोन्ही वेळा बाप नैसर्गिक पालकच होता; निकाल ठरला तो त्या त्या मुलाच्या हितावर. त्यामुळे “बाप आहे ना, मग त्यालाच विचारा” किंवा “मूल तिच्याजवळ आहे ना, मग सही तिचीच चालेल” ही दोन्ही वाक्ये टेबलावरून बोलताना जपून बोलावीत.

नैसर्गिक पालक कोण, हे धर्मानुसार बदलते. १९५६ चा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन, शीख आणि लिंगायतांनाही लागू आहे. त्यात कलम ६ प्रमाणे मुलगा आणि अविवाहित मुलगी यांचा पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा मात्र सर्वसाधारणपणे आईकडे. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाची पहिली पालक आई. या “त्याच्यानंतर”चा अर्थ बाप मेल्यावरच असा नाही. गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाप गैरहजर असेल, मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष करत असेल किंवा पालकाचे काम करण्याच्या स्थितीत नसेल, तर तो जिवंत असतानाही आई नैसर्गिक पालक असते. त्याच्याही आधी, १९७० मध्ये, जिजाबाई गजरे यांच्या प्रकरणात बाप वर्षानुवर्षे वेगळा राहत होता आणि अज्ञान मुलीची जमीन आईच बघत होती. आईने त्या जमिनीचा दिलेला पट्टा, म्हणजे भाडेपट्टा, कोर्टाने ग्राह्य धरला. शेजारच्या विदर्भातले, शेतजमिनीचे हे प्रकरण प्रत्येक मंडळ अधिकाऱ्याला माहीत असायला हवे.

गावोगावी एक समज घट्ट बसला आहे, तो इथेच मोडायला हवा. विधवेने दुसरे लग्न केले की पहिल्या नवऱ्याची मुले सासरच्यांची, असे भावकी सांगते आणि कार्यालयेही मान डोलावतात. १९५६ च्या कायद्यात असे काही नाही. कलम ६ प्रमाणे पालकत्व जाते ते हिंदू धर्म सोडल्याने किंवा संन्यास घेतल्याने. पुनर्विवाहाने आईचे पालकत्व जात नाही. सावत्र बाप आणि सावत्र आई मात्र नैसर्गिक पालक नाहीत, आणि आजोबा, चुलता, मामा हेही नाहीत.

मुस्लिम कुटुंबांत तर हा फरक अगदी ठळक आहे. हनफी, म्हणजे सुन्नींतल्या एका पंथाच्या, पद्धतीत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळण्याचा हक्क, म्हणजे हिजानत, आईकडे असतो. पण नैसर्गिक पालक बापच. मालमत्तेचा पालक बाप, त्याने मृत्युपत्रात नेमलेला माणूस, मग बापाचा बाप आणि त्याने नेमलेला माणूस. आई या यादीत नाही. मुलाच्या जमिनीबाबत काही करायचे तर तिला १८९० च्या कायद्याखाली कोर्टाकडून नेमणूक करून घ्यावी लागते. तशी नेमणूक नसताना आईने मुलाची जमीन विकली तर तो व्यवहार मुलाला बांधत नाही, हे ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्येच इमामबंदीच्या प्रकरणात ठरवून टाकले आहे. मूल आईच्या कडेवर आहे म्हणून खरेदीखतावर तिची सही घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

अनुसूचित जमातींना १९५६ चा कायदा लागू नाही. किनवटकडचे गोंड आणि कोलाम, कळमनुरीकडचे आंध यांच्या बाबतीत त्यांची रूढी आणि १८९० चा कायदा पाहावा लागतो. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जातींत; म्हणून सीमेच्या अलीकडच्या तांड्यावरच्या मुलाला १९५६ चाच कायदा लागू होतो.

आता मुख्याध्यापकांना. तुमच्यासाठी उत्तर सगळ्यांत सोपे आहे, आणि नेमके तिथेच सगळ्यांत जास्त माणसे अडतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २ मध्ये पालकाची व्याख्या दिली आहे: ज्याच्याकडे मुलाची काळजी आणि ताबा आहे तो. नैसर्गिक पालक आणि कोर्टाने नेमलेला पालक हे त्यात समाविष्ट आहेत, पण व्याख्या त्यांच्यापुरती नाही. आई-बाप कारखान्यावर असताना सांभाळणारी आजी प्रवेशाच्या कामापुरती या कायद्याने पालक आहे. तिच्याकडून कोर्टाचा आदेश, आई-बापाचे नोटरी केलेले संमतिपत्र किंवा सरपंचाचा दाखला मागण्याला आधार नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून, कलम १५ प्रमाणे मुदत उलटली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ प्रमाणे टी.सी. लगेच द्यायची असते, आणि जुन्या शाळेची टी.सी. आली नाही म्हणून नव्या शाळेने मूल ताटकळत ठेवायचे नसते. हे सहा ते चौदा वयाचे, आठवीपर्यंतचे नियम आहेत. नववी-दहावीला माध्यमिक शाळा संहिता लागते, पण बापाची सही नाही म्हणून आईच्या अर्जावर टी.सी. अडवायला तिथेही कारण नाही.

अडचण येते ती दोघे वेगवेगळे येतात तेव्हा. आई टी.सी. मागते, बाप देऊ नका म्हणून अर्ज देतो, आणि शाळा भीतीपोटी कुणालाच काही देत नाही. भरडते ते मूल. अशा वेळी आधी विचारायचे: कोर्टाचा काही आदेश आहे का? नसेल तर मूल ज्याच्याजवळ राहते आणि जो त्याला रोज शाळेत पाठवतो त्याच्या अर्जावर काम करायचे आणि दुसऱ्याचा हरकत अर्ज आवक नोंदवून ठेवायचा. आदेश असेल तर त्याची प्रमाणित प्रत घ्या आणि शेवटचे पान वाचा. ताबा कुणाला, भेटीचे वार आणि वेळ काय, आदेश अंतरिम की अंतिम, पुढची तारीख कोणती, आणि कुणाला कशापासून मनाई आहे, हे सगळे त्या पानावर असते. अर्जाची पाने किंवा वकिलाची नोटीस म्हणजे आदेश नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. ताबा आईकडे असला तरी कोर्टाने मनाई केलेली नसेल तर मुलाच्या प्रगतिपुस्तकाची प्रत बापाला द्यायला हरकत नाही, कारण पालक तो अजूनही आहे. मूल शाळेच्या फाटकातून कुणाबरोबर सोडायचे, तो प्रश्न मात्र ताब्याचा आहे आणि तिथे आदेश तंतोतंत पाळावा. शाळेच्या वेळेत, शाळेच्या आवारात “पाच मिनिटे भेटू द्या” म्हणणाऱ्याला भेटीच्या आदेशाची प्रत मागा.

एक गोष्ट सांभाळणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर करू नये: जनरल रजिस्टरमधले नाव, आडनाव, जन्मतारीख, बापाचे नाव यात बदल. त्याची वाट वेगळी आहे, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीची. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा शासनाचा निर्णय आहे, पण म्हणून जुन्या नोंदी खोडून कुणी बापाचे नाव काढा म्हटले तर ते करायचे नाही.

बँकांबद्दल आमची तक्रार आईच्या सहीवरून आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात पुन्हा स्पष्ट केले की कोणत्याही वयाच्या अज्ञान मुलाचे बचत किंवा मुदत ठेव खाते नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकामार्फत उघडता येते, आणि आईला पालक दाखवूनही उघडता येते. दहा वर्षांवरील मूल बँकेच्या मर्यादेत स्वतःच्या सहीने खाते चालवू शकते. तरीही बापाचे आधार कार्ड नाही म्हणून शिष्यवृत्तीचे खाते अडते. विधवेकडे नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि मुलाचा जन्माचा दाखला असेल तर तिला पालकत्वाचा आदेश मागू नका. १८९० च्या कायद्याचे कलम १९ तर असे सांगते की बाप किंवा आई हयात असून अपात्र नसेल तर कोर्टाने मुलाच्या व्यक्तीचा दुसरा पालक नेमायचा नाही. बाईला जे कायद्याने आधीच मिळालेले आहे ते मागायला कोर्टात पाठवून तिचे वर्ष वाया जाते. आजीच्या बाबतीत मात्र बँकेचे बरोबर आहे, आजी नैसर्गिक पालक नाही. तिथे दहा वर्षांवरील मुलाचे स्वतःचे खाते किंवा आई-बाप गावी असताना त्यांच्या सहीने खाते, हा मार्ग ग्राहकाला सांगावा. मूल १८ चे झाले की पालकाची सही थांबते. मुलाची नवी सही आणि केवायसी घ्यावी लागते, आणि ठेव मोडायला आलेल्या काकाला तेव्हा काही अधिकार उरत नाही.

पीककर्जाचा प्रश्न याहून अवघड आहे. सातबाऱ्यावर आई आणि दोन अज्ञान मुले असतील तर मुलांच्या हिश्शावर गहाण किंवा बोजा चढवायला कोर्टाची परवानगी लागते, आईची सही पुरत नाही. पण १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचेच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेवढ्या कर्जासाठी त्या बाईला कोर्टात पाठवायची गरज नाही आणि मुलांच्या हिश्शावर बोजा चढवायचीही नाही.

तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांनो, तुमच्या एका शेऱ्यावर फार मोठा गैरसमज उभा आहे. वारस नोंदीच्या फेरफारात अज्ञान मुलाच्या नावापुढे “अ.पा.क.” म्हणून कुणाचे तरी नाव लागते. अज्ञान पालनकर्ता म्हणून लागलेले हे नाव महसुली सोयीसाठी असते. त्याने कुणी पालक होत नाही, विकण्याचा अधिकार तर नाहीच. आई हयात असताना अ.पा.क. म्हणून चुलत्याचे किंवा आजोबांचे नाव लावण्याचा प्रकार भावकीच्या दबावाखाली होतो. मुलाची आई कुठे आहे, हे गावात विचारल्याशिवाय आणि तिला नोटीस पोहोचल्याशिवाय अशी नोंद प्रमाणित करू नये. बाई माहेरी असेल तर नोटीस माहेरच्या पत्त्यावर पाठवावी. गावच्या चावडीवर चिकटवलेली नोटीस तिच्यापर्यंत जात नाही आणि ती हरकत घेऊ शकत नाही. मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची झाली की अ.पा.क. शेरा कमी करण्याचा अर्ज महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन सोयीवरून करता येतो, जन्माचा दाखला किंवा टी.सी. जोडून. कित्येक सातबाऱ्यांवर पंचविशीतल्या माणसापुढे अजून चुलत्याचे नाव अ.पा.क. म्हणून उभे आहे. गावभेटीत असे उतारे काढून संबंधितांना अर्ज द्यायला सांगणे हे तुमच्या हातातले काम आहे.

आणि आता दुय्यम निबंधकांकडे, कारण सगळ्यांत मोठे नुकसान तिथल्या दस्तांतून होते. १९५६ च्या कायद्याचे कलम ८ वाचा: नैसर्गिक पालकाला, म्हणजे खुद्द बापाला किंवा आईलाही, कोर्टाच्या आधीच्या परवानगीशिवाय मुलाची स्थावर मालमत्ता गहाण टाकता, विकता, बक्षीस देता, अदलाबदल करता किंवा अन्य प्रकारे हस्तांतरित करता येत नाही. पाच वर्षांहून जास्त किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाहून पुढे जाणारा पट्टाही करता येत नाही. मराठवाड्यात यातून पळवाट म्हणून वापरले जाते ते हक्कसोडपत्र. नवरा वारल्यावर दिवस होत नाहीत तोच दीर-सासरे विधवेला तालुक्याला नेतात आणि “स्वतःकरिता व अज्ञान मुलांची पालक म्हणून” अशा एकाच वाक्यात तिचा आणि मुलांचा हक्क दिराच्या नावे सोडून घेतात. स्वतःचा हिस्सा सोडायला ती मोकळी आहे. मुलांचा हिस्सा सोडणे हे हस्तांतरणच आहे. त्याला परवानगी लागते, आणि मोबदल्याविना हक्क सोडण्यात मुलाची गरज कुठली आणि फायदा कुठला, हे कोर्टाला पटवणे जवळपास अशक्य आहे, कारण परवानगी मिळते ती फक्त गरज किंवा मुलाचा उघड फायदा या दोनच कारणांवर.

परवानगी न घेता झालेला व्यवहार मुलाला सज्ञान झाल्यावर रद्द करता येतो आणि मुदत अधिनियमाप्रमाणे त्याला १८ नंतर तीन वर्षे मिळतात. सहा वर्षांच्या मुलाची जमीन आज घेणाऱ्याच्या डोक्यावर पुढची पंधरा वर्षे ही टांगती तलवार राहते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर असे म्हटले की मुलाने दरवेळी दावाच लावायला हवा असे नाही. सज्ञान झाल्यावर त्याने आपल्या वागण्यातून, जसे की तीच जमीन दुसऱ्याला विकून, आधीचा व्यवहार नाकारला तरी चालते. आजोबा, चुलता किंवा मामा यांनी कोर्टाची नेमणूक नसताना केलेली विक्री याहून कच्ची आहे. कलम ११ प्रमाणे नुसता सांभाळ करणाऱ्याला मुलाच्या मालमत्तेला हात लावता येत नाही, आणि असा व्यवहार मुळातच निरर्थक ठरतो. म्हणजे खरेदीदाराचेही पैसे बुडतात. मुलाच्या हिश्शाची काळजी घेणे हे खरेदीदाराच्याही भल्याचे आहे, हे दस्त नोंदताना मोकळेपणाने सांगा.

एक अपवाद नीट समजून घ्या, कारण त्याचाच गैरफायदा घेतला जातो. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मालमत्तेत मुलाचा हिस्सा असेल आणि कर्ता ती सांभाळत असेल, तर कलम १२ मुळे त्या हिश्शासाठी सहसा वेगळा पालक नेमला जात नाही आणि कलम ८ ची परवानगीही लागत नाही. कर्त्याला कायदेशीर गरजेसाठी विक्री करता येते, आणि ती गरज पुढे कोर्टात सिद्ध करावी लागते. पण बापाची स्वकष्टार्जित जमीन वारसाने मुलाला मिळाली असेल, किंवा वाटणी होऊन मुलाचा हिस्सा वेगळा पडला असेल, तर हा अपवाद लागत नाही. सातबाऱ्यावर “ए.कु.मॅ.” (एकत्र कुटुंब मॅनेजर) लिहिलेले दिसले म्हणून जमीन एकत्र कुटुंबाचीच आहे असे होत नाही, मागचे फेरफार काढून जमीन आली कुठून ते पाहावे लागते. वाटणीपत्रात मुलाला त्याच्या हक्कापेक्षा कमी किंवा निकृष्ट जमीन दिली असेल, म्हणजे विहिरीकडचे वावर चुलत्याला आणि माळ पोराला, तर मूल मोठे झाल्यावर ती वाटणी पुन्हा उघडू शकते.

परवानगी मागायची कशी, हे तुमच्याकडे आलेल्या माणसाला नेमके सांगता यावे म्हणून लिहितो. अर्ज जमीन ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात किंवा तसा अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायालयात करायचा. सोबत मुलाचा जन्माचा दाखला, बापाच्या मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, वारसाचा फेरफार, गट नंबर व चतुःसीमेसह जमिनीचे वर्णन, शासकीय दराप्रमाणे मूल्यांकन, ठरलेली किंमत, पैसा कशासाठी लागतो त्याचा पुरावा (फीची पावती, दवाखान्याचा अंदाजपत्रकाचा कागद, कर्जाचा खातेउतारा), मुलाची दुसरी मालमत्ता, आणि जवळच्या नातेवाइकांची नावे-पत्ते. पालक म्हणून नेमणूक मागायची असेल तर १८९० च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे पालक होऊ इच्छिणाऱ्याचे संमतीचे निवेदन लागते, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. नातेवाइकांचे पत्ते अर्धवट दिले की नोटिसा परत येतात आणि प्रकरण तारखांवर तारखा खाते. सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो. “घरखर्चासाठी” असे मोघम कारण लिहिले की अर्ज फेटाळला जातो. परवानगी मिळाली तरी ती अटींसह असते: किमान किंमत, किती दिवसांत व्यवहार करायचा, मुलाच्या वाट्याची रक्कम त्याच्या नावे १८ वर्षांपर्यंत मुदत ठेवीत ठेवायची, पावती कोर्टात दाखल करायची. दस्त नोंदताना आदेशातली किंमत आणि दस्तातली किंमत जुळते का, परवानगीची मुदत उलटली का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात.

कोर्ट चुकण्याचा प्रकारही नेहमीचा आहे. कौटुंबिक न्यायालय ताबा, भेट आणि मुलाच्या व्यक्तीचे पालकत्व पाहते. मालमत्तेचे पालकत्व त्याच्या कक्षेत येत नाही. दोन्ही मागण्या एका अर्जात घालून तिथे गेलेला माणूस वर्षभराने परत पाठवला जातो. कौटुंबिक न्यायालय नाही तिथे दोन्ही गोष्टी जिल्हा न्यायालयात. मूल सर्वसाधारणपणे जिथे राहते तिथल्या कोर्टात व्यक्तीचे पालकत्व मागायचे; आई-बाप सहा महिने कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात कोयत्यावर आहेत म्हणून केज-पाटोद्याच्या गावात आजीजवळ असलेल्या मुलाचे राहणे सहसा तिकडचे होत नाही. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली त्याच दाव्यात ताबा आणि खर्च मागता येतो. घरात मारहाण असेल तर कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ च्या कलम २१ खाली तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तात्पुरता ताबा मागता येतो, आणि तातडीच्या वेळी हाच रस्ता जवळचा पडतो.

नोटरीपुढे केलेले “मुलाचे पालकत्व देत आहे” असे स्टॅम्प पेपर तुमच्याकडे ढिगाने येत असतील. असा कागद आई-बापाची इच्छा दाखवतो, एवढेच. त्याने पालकत्व हस्तांतरित होत नाही, दत्तक होत नाही, कोर्टात ताबाही ठरत नाही. तसेच बाल कल्याण समितीने आजीकडे मूल ठेवण्याचा आदेश दिला, बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये सुरू झाले, तरी तो आदेश सांभाळापुरता आहे. त्या आदेशाच्या जोरावर जमिनीचा कागद करता येत नाही. पण शाळेला तेवढा आदेश पुरेसा आहे, आणि तो नसला तरी प्रवेश अडवायचा नाही, हे वर सांगितलेच.

तुमच्याकडून आम्हाला हव्या असलेल्या गोष्टी मोजक्या आहेत. शाळेने प्रवेश अर्जावर “सांभाळ करणारी व्यक्ती व नाते” असा रकाना आई-बापाच्या रकान्याबरोबर ठेवावा. तलाठ्याने अज्ञान वारसाची नोंद घेताना आईचा सध्याचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक जबाबात लिहून घ्यावा. दुय्यम निबंधकांनी दस्तात अज्ञान व्यक्ती दिसली की परवानगीच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख दस्तातच लिहायला लावावी, आणि परवानगी लागत नाही असा पक्षकारांचा दावा असेल तर त्याचे कारणही दस्तातच लिहायला लावावे. बँकेने आईला पालक म्हणून नाकारले तर कोणत्या नियमाखाली ते लिहून द्यावे.

आणि कोर्टात जाणे खरोखर गरजेचे असेल तेव्हा “कोर्टातून आणा” एवढे म्हणून माणसाला वाटेला लावू नका. कोणत्या कोर्टातून, कोणत्या कलमाखाली, कशाची परवानगी, हे एका चिठ्ठीवर लिहून द्या आणि तालुका विधी सेवा समितीचा पत्ता सांगा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. समितीचे कार्यालय तालुका न्यायालयाच्या आवारातच असते. जाताना मुलाचा जन्माचा दाखला, सातबारा आणि तुम्ही लिहून दिलेली ती चिठ्ठी एवढे बरोबर असले तरी काम सुरू होते.

कळावे,
आपले,
मराठवाड्यात कौटुंबिक प्रकरणांत काम करणारे वकील व समुपदेशक

प्रत माहितीसाठी: मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर; आठही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी; शिक्षणाधिकारी (प्राथमिक व माध्यमिक); सह जिल्हा निबंधक; अग्रणी बँक व्यवस्थापक